चार धूर, नऊ श्वास

"दार! आधी दार लावा!"

त्याच्याशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. प्रेमात पडायला अगदीच भिकार सुरुवात आहे, मला मान्य. पण आमच्या कारखान्यात दार उघडं टाकणाऱ्याशी मला गोड बोलता येत नाही. रस्त्यावरच्या धुळीचा एक कण काचेवर बसला, की महिनाभराच्या कामावर ओरखडा उठतो.

त्याने घाईघाईने दार लावलं आणि पायपुसण्यावरच उभा राहिला. उंच, किडकिडीत, बगलेत जाड वही, आणि चेहरा चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखा.

"आरसा…" तो म्हणाला.

झालं! बाहेरच्या पाटीवर 'आरसे' असं लिहिलंय, त्यामुळे आठवड्याला दोन माणसं तरी बेसिनवर लावायचा आरसा मागायला येतात.

"इथे तोंड बघायचे आरसे मिळत नाहीत," मी म्हटलं. "पुढच्या चौकात फ्रेमवाला आहे. त्याच्याकडे कंगवाही मिळेल."

त्याने केसांवरून हात फिरवला. खरंच पार विस्कटले होते. "कंगवा लागणार आहे, कबूल," तो म्हणाला. "पण मला तीस सेंटिमीटरचा हवाय, दुर्बिणीतला. मी वेधशाळेतून आलोय. नवा तपासनीस."

"तपासनीस मंगळवारी येतात."

"मग आज…"

"सोमवार आहे."

तो इतका ओशाळला की मला हसू आवरेना. आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला, "अगं, येऊ दे त्यांना. आलेत तर काच तरी बघून जातील."

आमचा कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि वर गच्ची. पुढच्या खोलीत मधोमध एक पिंप, हलू नये म्हणून पाण्याने काठोकाठ भरलेलं. त्यावर काच. काचेवर लाल पूड, पाणी, आणि वरून राळेची गादी. ती गादी मागे-पुढे घासत पिंपाभोवती फिरत राहायचं. बाबांनी चाळीस वर्षं हेच केलं. लोक त्यांना वस्ताद म्हणायचे. आठवीत असताना माझी आई गेली, मी शाळा सोडली आणि त्यांच्या मागोमाग त्या पिंपाभोवती फिरायला लागले.

पण आता बाबा फिरत नव्हते. त्यांना काचबिंदू झाला होता. या रोगात अंधार कडेकडेने आत सरकतो. मधोमध एक वाटोळा तुकडा तेवढा स्वच्छ राहतो आणि तोही रोज थोडा लहान होतो. बाबांना कप दिसला तर बशी दिसायची नाही. दोघं बोलत असले तर ते एकाकडून दुसऱ्याकडे मान फिरवत बसायचे. डोळ्यांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "मधलं आहे तोवर आहे. दोन महिने, तीन महिने… मी शब्द देणार नाही."

पिंपावरचा हा वेधशाळेचा आरसा बाबांनी हाती घेतलेला शेवटचा होता. त्यांचं एकच मागणं होतं. "या आरशातून एकदा चंद्र बघायचा मला. नळीतून कसं बघायचं ते आता मला कुणी शिकवायला नको," असं म्हणून ते स्वतःच हसायचे, आणि आमच्याकडेच राहणारी आत्या उठून आत निघून जायची.

म्हणून मला घाई होती. वेळेच्या आधी तो आरसा पुरा करायचा, बास.

त्यात हा नवा तपासनीस.

तो मंगळवारी येई. खोलीच्या एका टोकाला दिवा लावी, दिव्याच्या उजेडात एक धारदार पातं आडवं सरकवी, आणि पात्यामागे डोळा लावून आरशावरच्या सावल्या वाची. कुठे उंचवटा, कुठे खोलगट, सगळं त्या सावल्यांत दिसतं. आरशाची आम्ही मधून कडेपर्यंत एकाभोवती एक अशी सहा कडी धरायचो, आणि तो गुणगुणत प्रत्येक कड्याची उंची मीटरमध्ये वहीत लिहायचा. मग मला तोंडी सांगायचा, "छोटे वस्ताद, या खेपेला दुसरं कडं उतरवा."

छोटे वस्ताद! पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मी मुद्दाम दुर्लक्ष केलं. दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा कान गरम झाले.

"तुम्हाला घात वाचता येतात ना?" त्याने एकदा सहज विचारलं होतं. "दहाचा उणे सातवा, उणे आठवा वगैरे?"

"येतात की," मी म्हटलं.

येत नव्हते. मी शाळा सोडली तेव्हा तो धडा व्हायचाच होता. पण त्याच्या त्या व्यवस्थित वहीसमोर 'नाही येत' म्हणायला जीभ रेटेना. स्वाभिमान म्हणा हवं तर. मी आता त्याला मूर्खपणा म्हणते.

एका मंगळवारी त्याला मोजणी झाल्या झाल्या वेधशाळेतून बोलावणं आलं. मी दुकानात पूड आणायला गेले होते. परत आले तर टेबलावर चिठ्ठी:

कडं २: +2 × 10⁻⁸
कडं ३: +4 × 10⁻⁷
कडं ४: +3 × 10⁻⁸
कडं ५: +9 × 10⁻⁸
पहिलं आणि सहावं बरोबर. सर्वांत उंच कडं आधी उतरवा. मग चहा पाजा.

मी चिठ्ठी दोनदा वाचली. चहाची ओळ तीनदा. दोन, चार, तीन, नऊ. नऊ सर्वांत मोठा, यात काय कळायचंय? दहाच्या डोक्यावरचे ते बारके आकडे मला लेबलासारखे वाटले. त्यातही आठ साताहून मोठाच. मी गादी उचलली आणि पाचव्या कड्यावर लागले.

दोन दिवस घासलं. थोडं घासायचं, काच निवू द्यायची, पुन्हा घासायचं. बाबा आतल्या खोलीत खुर्चीवर बसून ऐकत होते. एकदा ते "पोरी…" म्हणाले. मी "काय?" विचारलं. "काही नाही, चालू दे," म्हणाले.

पुढच्या मंगळवारी तो आला, दिवा लावला, पातं सरकवलं. नेहमीसारखा गुणगुणत होता. मग गुणगुणणं थांबलं.

"छोटे वस्ताद… तिसऱ्या कड्यावर काम केलंत ना?"

"पाचव्यावर. तेच उंच होतं ना. नऊ."

त्याने पुन्हा एकदा पात्यामागून बघितलं. मग हळूच म्हणाला, "नऊ होतं… पण उणे आठवा घात. तिसरं चार होतं, उणे सातवा. चारच मोठं होतं."

"चार नवापेक्षा मोठं?" माझा आवाज चढला. "काहीतरीच काय!"

त्याने वही माझ्यापुढे धरली. पाचव्या कड्यासमोर नवा आकडा होता: −6 × 10⁻⁷. उणे एवढं तरी मला कळत होतं. उणे म्हणजे खड्डा.

काच काढता येते, घालता येत नाही. एका कड्यात खड्डा पडला, तर उरलेला सगळा आरसा त्या खड्ड्याच्या पातळीला उतरवावा लागतो. तिसरं कडं तर सर्वांत जास्त. पाच आठवडे, कमीत कमी. आणि बाबांकडे किती आठवडे होते ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "मी थांबून तोंडी सांगायला हवं होतं."

"तुमची कशाला?" मी त्याच्यावर ओरडले. "खोटं मी बोलले. मला घात येत नाहीत. कधीच येत नव्हते. आता वाटून घ्यायला येऊ नका!"

आणि मग मी रडले. लाल पुडीच्या हातांनी डोळे पुसले, त्यामुळे तोंड कसं झालं असेल ते विचारू नका. तो हसला नाही. खिशातून रुमाल काढून त्याने टेबलाच्या कडेवर ठेवला आणि पाठ फिरवून दिवा आवरत बसला. त्या पाठ फिरवण्याबद्दल मी त्याला पुढे पुष्कळ गोष्टी माफ केल्या.

बाबा भिंतीला हात लावत बाहेर आले. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला ऐकू आलं होतं."

"काय?"

"तू कुठे घासतेयस ते. पाचव्यावर गादीचा आवाज आखूड येतो. म्हटलं, तिसरं उंच असणार, ही पाचव्यावर काय करतेय? पण म्हटलं, पोर आकडे बघून करतेय. माझ्या कानापेक्षा आकडा खरा."

मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. त्यांना कळत होतं आणि माझ्यावरच्या विश्वासाने ते गप्प बसले होते.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. तरीही तो आला.

"वार चुकला?" मी विचारलं.

"नाही. आता रोज येणार. रोज मोजलं तर पाचाचे चार आठवडे होतील."

मी एप्रनला हात पुसले. पुढचे दोन शब्द बोलायला मला आयुष्यातला सर्वांत जास्त वेळ लागला. "मला… शिकवा."

त्याने तीच चिठ्ठी टेबलावर पसरली. "आधी घात बघायचा, मग अंक. घात म्हणजे घर. उणे सातचं घर उणे आठच्या घरापेक्षा दहापट मोठं. मोठ्या घरातला एकसुद्धा लहान घरातल्या नवापेक्षा मोठा."

मी बघत राहिले. काहीतरी ओळखीचं वाटत होतं. मग एकदम डोक्यात उजेड पडला.

"थांबा. म्हणजे उणे सात म्हणजे धूर?"

"काय?"

"धूर हो! बाबांचं माप. केस, धूळ, धूर, श्वास. केसभर जाडी बोटाला लागते. धूळभर उजेडात दिसते. धूरभर फक्त पात्याच्या सावलीत. आणि काचेवर फुंकर मारली की क्षणभर वाफ धरते ना, तो श्वास. दहा श्वासांचा एक धूर, दहा धुरांची एक धूळ, दहा धुळींचा एक केस. लहानपणी पाढ्यासारखं पाठ करून घेतलंय माझ्याकडून."

तो वहीत भराभर लिहायला लागला. केस, उणे पाच. धूळ, उणे सहा. धूर, उणे सात. श्वास, उणे आठ. लिहून झाल्यावर त्याने पेन खाली ठेवलं.

"म्हणजे त्या चिठ्ठीत मी चार धूर आणि नऊ श्वास लिहिले होते," तो म्हणाला.

"नुसतं तेवढं लिहिलं असतंत!" मी म्हटलं. "नऊ श्वास म्हणजे एक धूरसुद्धा नाही. हे मला सहाव्या वर्षी कळत होतं."

आतून बाबा म्हणाले, "शाळेत न जाता शिकलोय आम्ही."

"गेला होतात की," आत्या म्हणाली. "पळून आला होतात."

"पण वस्ताद," तो आतल्या बाजूला तोंड करून म्हणाला, "खरा केस तुमच्या केसभरापेक्षा पाच-सातपट जाड असतो."

"तुमचा असेल," बाबा म्हणाले. "मी ही जन्मली तेव्हाचा हिचा केस धरलाय."

तो माझ्याकडे वळला. माझ्या केसांकडे बघितलं आणि लगेच वहीत डोकं घातलं. मला उगाचच पिंपातलं पाणी बघायला जावंसं वाटलं.

असे आमचे दिवस सुरू झाले. घासून झालं की काच तासभर निवू द्यावी लागते. तोवर जवळ उभं राहायचं नाही, अंगाची ऊब लागते. म्हणून आम्ही दोघं खिडकीखालच्या बाकड्याशी, दोन स्टुलांवर. बाहेर कधी ऊन, कधी पावसाची भुरभुर. आत्या चहा आणून ठेवायची आणि मोठ्याने म्हणायची, "शून्यवाले, निवतोय हं!" दहाच्या पुढे किती शून्यं हे तो मला मांडून दाखवायचा, तेव्हापासून तिने त्याचं हे नाव ठेवलं होतं.

तो चिठ्ठ्या बनवून आणायचा. प्रत्येकीवर एक लांबी. मी त्या लहानापासून मोठ्यापर्यंत बाकड्यावर ओळीने मांडायच्या. मुंगीची लांबी. वेधशाळेच्या जिन्याची उंची. माझ्या नखातल्या पुडीच्या कणाची जाडी. उणे आकड्यांचे खड्डेही असायचे. उणे सहा हे उणे दोनाच्या डावीकडे, कारण ते जास्त खोल, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. माझ्या हाताने तो खड्डा खणला होता.

एके दिवशी चिठ्ठी निघाली: 'तपासनीस व छोटे वस्ताद यांच्या स्टुलांमधलं अंतर, 9 × 10⁻¹ मीटर.'

मी ती जागेवर मांडली. दुसऱ्या दिवशी त्याच अंतरापुढे आठ होता. तिसऱ्या दिवशी सात. मी उठून टेप आणली आणि मोजलं.

"तुम्ही स्टूल सरकवताय."

"मोजमापात थोडी चूक होतेच," तो साळसूदपणे म्हणाला.

"अंक उतरतोय. घात तोच आहे."

"घात बदलायला… वेळ लागतो, छोटे वस्ताद."

मी चिठ्ठ्या गोळा केल्या. साताची तेवढी एप्रनच्या खिशात टाकली, आणि ते त्याने बघू नये असं वाटत होतं. खरं सांगायचं तर बघावं असंही वाटत होतं.

तिसऱ्या आठवड्यात त्याने मला पात्यामागे बसवलं. "आता तूच मोज," म्हणाला. म्हणाला आणि गप्प झाला. 'तू' कसं तोंडातून गेलं ते त्यालाही कळलं नसावं. मीही काही दुरुस्त केलं नाही.

"आधी एक गंमत बघ," तो म्हणाला. आरशाजवळ जाऊन त्याने काचेला अंगठा टेकवला, मनात दहा मोजले आणि बाजूला झाला.

मी पात्यामागून बघितलं. आरशावर, जिथे त्याचा अंगठा होता तिथे, एक टेकडी उभी होती. गोल, सावली टाकणारी. नुसत्या उबेने काच तेवढी फुगली होती. मी श्वास रोखून बघत राहिले. टेकडी हळूहळू, हळूहळू उतरत गेली.

"किती होती?" मी विचारलं.

"तीन धूर. फार तर चार."

"आता तू बस," मी म्हटलं आणि माझा अंगठा लावला. दहा मोजले. खरं म्हणजे पंधरा मोजले. तो पात्यामागून बराच वेळ उठला नाही.

"गेली का?" मी विचारलं.

"नाही… अजून आहे," तो म्हणाला. आणि इतक्या वेळाने ती असणं शक्य नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

पुढच्या सोमवारी स्टुलांच्या चिठ्ठीवर आलं: 9 × 10⁻². नऊ सेंटिमीटर. आदल्या दिवशी 2 × 10⁻¹ होतं. मी हसून नवाची चिठ्ठी दोनाच्या आधी ठेवली. "नऊ मोठा असं म्हणणारी मी आता नाही."

पण त्या दिवशी आणखी एक चिठ्ठी होती. तिच्यावर नाव नव्हतं. नुसतं 2 × 10⁶ मीटर.

"हे कशाचं?"

तो बाकड्यावरच्या लाकडाच्या रेषा बघत होता. "डोंगरावरची वेधशाळा आहे. मोठी. तिथे जागा मिळतेय मला. दोन वर्षांपूर्वी अर्ज केला होता, आता पत्र आलं. महिनाअखेर कळवायचंय." मग म्हणाला, "इथून दोन हजार किलोमीटर."

मी ती चिठ्ठी उचलली. सगळ्या ओळीच्या शेवटी, बाकड्याच्या अगदी टोकाला ठेवली.

"हा सर्वांत मोठा," मी म्हटलं.

"बरोबर," तो म्हणाला.

जाऊ नको, हे शब्द माझ्या ओठांवर होते. पण मी माझ्या चुकीने बाबांचे चार आठवडे खाल्ले होते. आणखी कुणाचं आयुष्य माझ्यासाठी अडवायची माझी छाती नव्हती. "चांगली जागा आहे. जा," एवढंच म्हणाले, आणि काच निवली नसतानाही उठले.

त्या दिवसानंतर स्टुलांची चिठ्ठी आली नाही. तो यायचा, मोजायचा, आकडे मी स्वतः लिहायची. सहा धूर. चार धूर. एक धूर. मग श्वासांवर आलं. आठ श्वास, पाच श्वास. महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी मी पात्यामागे बसून सहाही कडी वाचली आणि एकही दोन श्वासांच्या वर नव्हतं. तोही बसला, दोनदा मोजलं, आणि वही मिटली.

"झाला," तो म्हणाला.

वेधशाळेत नेऊन त्याने आरशावर चांदीचा थर चढवून आणला, गच्चीवर दुर्बीण उभी केली, आरसा बसवला. आणि आभाळ भरून आलं!

पाच दिवस ढग. बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, "उघडलं का गं?" मी नाही म्हणायची. त्या पाच दिवसांत त्यांना कपसुद्धा चाचपून घ्यावा लागायला लागला. त्यांच्या नजरेची नळी मिटत चालली होती. मी आभाळाकडे बघून काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सहाव्या दिवशी, ऊन कलता कलता, ढग फाटले. अजून पुरता अंधारही पडला नव्हता आणि फिकट निळ्यात अर्धा चंद्र निघाला. आत्या खालून ओरडली. मी बाबांचा हात धरून त्यांना एकेक पायरी वर आणलं. तो आधीच दुर्बिणीशी होता. त्याने नळी फिरवली, चंद्र पकडला, आणि बाबांचं डोकं दोन्ही हातांत धरून त्यांचा डोळा भिंगाशी नेला.

बाबा भिंगाशी वाकून राहिले. एक मिनिट गेलं असेल. उशीर झाला, मला वाटलं. माझ्यामुळे उशीर झाला.

"खड्डे आहेत गं," बाबा म्हणाले.

"कुठे? पाचव्या कड्यावर?"

"छे. चंद्रावर." त्यांचा आवाज ओला झाला होता. "उजेडाच्या काठावर एकेक खड्डा मोजून घ्यावा असा दिसतोय. प्रत्येकाला सावली आहे. चाळीस वर्षांत माझ्या हातून असा आरसा झाला नाही, पोरी."

मी त्यांच्या पाठीला कपाळ टेकलं. ते बघत राहिले. चंद्र नळीतून सरकायचा, तो पुन्हा आणून द्यायचा, पुन्हा ते बघायचे. शेवटी त्यांनी स्वतःहूनच डोळा काढला आणि कठड्याला टेकून बसले.

"शून्यवाले," ते म्हणाले, "पत्राचं काय केलंत?"

"येत नाही म्हणून कळवलं."

मी गर्रकन वळले. "कधी?"

"मंगळवारी. वही मिटली तेव्हाच ठरवलं होतं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू चिडली असतीस."

"चिडलेच आहे! दोन वर्षं वाट बघितलीस त्या जागेची. माझ्यासाठी कशाला…"

"तुझ्यासाठी नाही," तो म्हणाला. आवाज खाली आला होता, पण अडखळत नव्हता. "मी ती चिठ्ठी रोज घरी मांडून बघितली. दर वेळी तीच सर्वांत मोठी. मला नाही राहायचं तेवढ्या लांब तुझ्यापासून. मला तू आवडतेस. आकड्यात नाही सांगता येत मला हे. खूप आवडतेस."

आत्या जिन्यातच थांबली असणार, कारण तिथून नाक ओढल्याचा आवाज आला.

मला काहीतरी खमंग उत्तर द्यायचं होतं. एरवी माझी जीभ कधी अडत नाही. पण तोंडातून एवढंच आलं, "मलाही… कधीपासून. अंगठ्याच्याही आधीपासून."

"अहो, बोलताय ते ऐकतोय मी," बाबा म्हणाले. ते मान फिरवत होते. माझ्याकडे, मग त्याच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "पण दोघं एकदम दिसत नाही मला. ती दिसते तर तुम्ही जाता. जरा जवळ या बघू."

तो एक पाऊल सरकला. मी एक पाऊल सरकले.

"अजून."

त्याचा खांदा माझ्या खांद्याशी आला. बाबांनी डोळे बारीक केले. त्यांच्या त्या लहानशा वाटोळ्यात एका वेळी एकच चेहरा मावत होता.

"अजून. किती राहिलंय मध्ये?"

"केसभर, बाबा," मी म्हटलं.

"मग केसभरही नको."

त्याने गाल माझ्या कपाळाला टेकवला. ऊब लागली. बाबा हलले नाहीत, मान फिरवली नाही, नुसते बघत राहिले.

"हां," ते म्हणाले. "आता दोघंही दिसताय."